नाशिकहून अहमदाबादची सायन्स सिटी: सहा माणसं, एक दिवस, कसं बसवावं?

गंगापूररोड
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत घरच्यांना अहमदाबादची सायन्स सिटी दाखवायचा विचार आहे. आम्ही दोघं, ५ आणि ११ वर्षांची मुलं, सासू-सासरे. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सासऱ्यांना मधुमेह. गाडी सात सीटची आहे. आत फिरायला एकच पूर्ण दिवस मिळेल. मुलांना मासे आणि रोबो बघायचेच आहेत. दिवस कुठला घ्यावा, आत आधी काय बघावं, काय सोडावं? आणि खरंच अहमदाबादपर्यंत जावं, की सुरतचं मत्स्यालय पुरे?

म्हसरूळकर
पहिली गोष्ट: सोमवार धरू नका, त्या दिवशी बंद असतं. दुसरी गोष्ट: २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळा. मुंबईकर आणि गुजरातमधली मंडळी एकाच वेळी तिथे असतात. दिवाळीत पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत गुजरातमध्ये दुकानं बंद आणि सगळं गाव फिरायला बाहेर, तेव्हा तर विचारूच नका. १४-१५ जानेवारीला उत्तरायण (आपली संक्रांत), अहमदाबादेत हॉटेलं महाग होतात. मुलांची शाळा एक-दोन दिवस बुडवायची तयारी असेल तर उत्तरायणानंतरचा बुधवार-गुरुवार उत्तम. उन्हाळ्यात मात्र नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि आवार एवढं मोठं की एका दालनातून दुसऱ्यात जाईपर्यंतच आजी-आजोबा थकतील.

आठवड्याच्या मधल्या दिवसाला एक अडचण आहे: शाळांच्या सहली. हिवाळ्यात बसच्या बस भरून पोरं येतात. पण ती साधारण उघडल्यापासून जेवणापर्यंत असतात, दुपारी तीननंतर पांगतात.

ठक्करबाजार
रस्त्याचं मी सांगतो. नाशिक, दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई, वांसदा, चिखली, तिथे ४८ नंबरचा महामार्ग. पुढे नवसारी, सुरतेच्या बाहेरून भरुच, वडोदरा, आणि वडोदऱ्याहून अहमदाबादचा ९३ किमीचा द्रुतगती मार्ग. एकूण पावणेपाचशे किमीच्या आसपास. थांबे धरून दहा तास मोजा, आठ तासांत पोचवणाऱ्यांचं ऐकू नका. पहाटे पाचला म्हसरूळ ओलांडलं तर उजाडता उजाडता सापुताऱ्याचा घाट लागतो, तोच हेतू ठेवा. अंधारात आणि धुक्यात तो घाट मुलाबाळांसह नको.

काही बारकावे:

वणीलाच टाकी भरा. सापुतारा ते वघई हा डांगच्या जंगलाचा पट्टा आहे, तिथे पंपाच्या भरवशावर राहू नका.

पोरांना गाडी लागत असेल तर गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्या, म्हणजे वणीच्या अलीकडे. घाटात मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. दूध पाजून निघू नका. कोरडी दशमी, आलेपाक चालतो.

फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. चिखलीनंतर बोरियाचपासून टोलनाके सुरू होतात ते अहमदाबादपर्यंत.

भरुचच्या आगेमागे ट्रकांची गर्दी असते. वडोदरा-भरुच हा नव्या दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झालाय, त्याने तो भाग सुसह्य होतो. तुमच्या दिवशी कुठला रस्ता मोकळा आहे ते नकाशात बघूनच वळा.

अहमदाबादला पोचल्यावर शहरात शिरू नका. द्रुतगती मार्ग पूर्वेला सीटीएम नावाच्या चौकाजवळ उतरतो आणि सायन्स सिटी आहे पश्चिमेला, सोला-हेबतपूरच्या बाजूला. सरदार पटेल रिंग रोड धरून सनाथळ, शांतिपुरा, बोपळ असं वळसा घालून या. अंतर जास्त दिसतं पण संध्याकाळी शहरातून जाण्यापेक्षा लवकर पोचता. मुक्कामही सोला, थलतेज किंवा एसजी हायवेलाच घ्या. कालुपूरला स्टेशनजवळ स्वस्त मिळतं म्हणून घेतलं तर सकाळचा मौल्यवान तास रस्त्यात जातो.

आणि हो, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नाशिकच्या गाडीत कुणाला भेट द्यायला घेतलेली वाइनची बाटली असते आणि सीमेवर डिकी उघडायला लावतात. घरीच ठेवा.

भद्रकाली
>> घरीच ठेवा.
सगळ्यात उपयुक्त सल्ला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जलजीवी
आतलं मी लिहितो, माझा विषय पाणी आणि मासे आहे.

जुनी सायन्स सिटी बरीच वर्षं आहे, पण मत्स्यदालन, रोबोटिक्स दालन आणि निसर्ग उद्यान या तिन्हींचं उद्घाटन १६ जुलै २०२१ ला झालं. आवाराचं प्रवेश तिकीट वेगळं आणि दालनांची तिकिटं वेगळी. ऑनलाइन काढून ठेवा. नुसतं प्रवेशाचं काढून आत गेलात तर मत्स्यदालनाच्या खिडकीवर पुन्हा रांग.

क्रम असा ठेवा. दहाला उघडतं, साडेनऊला फाटकाशी हजर. थेट मत्स्यदालन. वाटेत दिसणाऱ्या कशाशीही थांबू नका, ते नंतर दिसणारच आहे. मत्स्यदालनात ६८ टाक्या आहेत, जगाच्या वेगवेगळ्या भागांप्रमाणे मांडलेल्या, शेवटाकडे शार्कची मोठी टाकी आणि तिच्यातून जाणारा २८ मीटरचा बोगदा. बहुतेक कुटुंबांची चूक इथे होते: पहिल्या वीस टाक्यांपाशी प्रत्येक पाटी वाचतात, प्रत्येक माशासमोर फोटो काढतात, आणि बोगद्यापर्यंत पोचतात तेव्हा धाकटं कडेवर झोपलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाचं लक्ष अशा ठिकाणी पाऊण तास टिकतं. म्हणून सुरुवातीच्या टाक्या भरभर, बोगद्यात निवांत. सहलीच्या पोरांची रांग पुढे दिसली तर त्यांना जाऊ द्या, दहा मिनिटांत बोगदा रिकामा होतो.

मुलं हमखास विचारतात ते दोन प्रश्न तयार ठेवा.

"तो शार्क मेलाय का?" तळाशी निपचित पडलेला दिसतो म्हणून. शार्क पोहायचा थांबला की मरतो हे सगळ्या जातींना लागू नाही. ब्लॅकटिपसारख्या जातींना कल्ल्यांतून पाणी जायला सतत पुढे सरकावं लागतं. पण बांबू शार्क, झेब्रा शार्क, नर्स शार्क तोंडाच्या स्नायूंनी पाणी आत ओढतात आणि तासन् तास तळाशी बसू शकतात. कल्ल्यांच्या फटी हलताना दिसतात, तेवढं मुलांना शोधायला सांगा.

"पाणी समुद्रातून आणतात का?" समुद्रापासून लांबच्या मत्स्यालयात साध्या पाण्यात क्षार मिसळून खारं पाणी बनवता येतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. खरी कसरत त्यानंतर असते. मासे अमोनिया सोडतात, तो त्यांना विषारी. गाळणीतल्या दगड-वाळूवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. ते जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, म्हणून घरी नवी टाकी आणून त्याच दिवशी मासे सोडले की आठवड्याभरात मरतात. अकरा वर्षांच्या मुलाला हे नक्की कळतं.

काचेवर टकटक करू नका. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला कंपनं कळतात. फ्लॅश बंद. तो माशांना त्रास तर देतोच, शिवाय फोटोत समोर फक्त पांढरा गोळा येतो. मोबाइलची भिंग पारदर्शक भिंतीला अगदी टेकवून धरा, म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. टेकवताना हलक्या हाताने, कारण पुढच्या भिडूने सांगितलं नाही तर मीच सांगतो: ती काच नाहीये.

चामरलेणी
भिडू हजर आहे, काचेचं मी घेतो.

एवढ्या मोठ्या टाक्यांना ॲक्रिलिक (एक पारदर्शक प्लास्टिक) वापरतात. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, वाकवून कमान करता येते, आणि जाड केलं तरी काचेसारखी हिरवट झाक येत नाही. तोटा एकच, ओरखडे लवकर पडतात. अंगठी, बॅगेची झिप, लहान मुलाच्या गळ्यातली पाण्याची बाटली हे सगळं भिंतीपासून लांब. पाण्याची खोली एक मीटर वाढली की दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब वाढतो. टाकीच्या तळाशी भिंत जाड का, हे मोठ्या मुलाला यावरूनच काढायला लावा.

आता गंमत. सपाट भिंतीच्या टाकीत चार फूट आत असलेला मासा तीन फुटांवर असल्यासारखा दिसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३. त्यामुळे तो मोठाही भासतो. कमानीच्या बोगद्यात असं सरसकट होत नाही. बोगद्याच्या लांबीच्या दिशेने भिंत सरळ आहे, आडव्या दिशेने गोल. डोळा कमानीच्या मध्याजवळ असेल तर आडव्या दिशेने येणारे किरण भिंतीला काटकोनात भेटतात आणि जवळजवळ वळत नाहीत, लांबीच्या दिशेचे मात्र वळतात. परिणाम: बोगद्याच्या दिशेने पोहणारा मासा जरा लांबुडका दिसतो, आणि तोच डोक्यावरून आडवा गेला की आखूड. मासा भिंतीपासून जितका लांब तितका फरक जास्त. एकच मासा निवडून त्याच्यावर नजर ठेवली तर हे पाच मिनिटांत दिसतं. पाट्यांपेक्षा पोरांना हे लक्षात राहील.

गंगापूररोड
वा, हे भारी आहे! लेकाला कागद-पेन्सिल देऊनच नेते. रोबो आणि बाकीचं? सासूबाईंना किती चालावं लागेल?

म्हसरूळकर
ताई, चालणं भरपूर आहे, आणि ते दालनांमधल्या मोकळ्या रस्त्यांवर जास्त. चाकाची खुर्ची फाटकावरच विचारून घ्या, आत थकल्यावर शोधायला जाऊ नका. गुडघा बदललेल्या माणसाला चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जड जातं आणि मत्स्यदालनात सगळं काम उभ्यानेच असतं. सासूबाई "मला काय झालंय" म्हणतील, तरी खुर्ची घ्या. त्या चालतील तेव्हा पिशव्या तिच्यावर. आणखी एक: बाहेरच्या उन्हातून आत गेलं की मत्स्यदालन एकदम अंधारं वाटतं. ज्येष्ठांनी दाराशी दोन मिनिटं थांबून डोळे सरावू द्यावेत. ठेचा तिथेच लागतात.

रोबोटिक्स दालन मजल्यांचं आहे. दाराशी भलामोठा ट्रान्सफॉर्मर, आत स्वागताला माणसासारखा रोबो, आणि वर शेती, वैद्यक, अवकाश, संरक्षण अशा विषयांप्रमाणे मांडणी. काही प्रयोग ठरावीक वेळेला होतात. आत शिरताच तिथल्या कर्मचाऱ्याला पुढच्या प्रयोगांच्या वेळा विचारा आणि त्याप्रमाणे मजले घ्या. खालून वर शिस्तीत गेलात की नेमका प्रयोग संपल्यावर पोचता. ज्येष्ठांना घेऊन आधी लिफ्टने सगळ्यात वर आणि मग खाली उतरत या, हे मला जास्त पटतं.

रामसेज
वेळेचं गणित मांडतो. मत्स्यदालन २ तास, रोबो सव्वादोन, जेवण-स्वच्छतागृह १, निसर्ग उद्यान दीड. झाले पावणेसात तास. दहाला आत शिरलात तर पावणेपाच. मधल्या चालण्याचा आणि "मला शू आली"चा एक तास धरा. म्हणजे दिवस संपला.

त्यामुळे आयमॅक्स, हॉल ऑफ सायन्स, हॉल ऑफ स्पेस, कोळशाच्या खाणीची प्रतिकृती, प्लॅनेट अर्थ हे सगळं त्याच दिवसात बसवायचा प्रयत्न करू नका. सिनेमा तर अजिबात नको. मोठा पडदा मुंबईतही मिळतो.

भद्रकाली
असहमत, राव. पावणेपाचशे किमी जाऊन हॉल ऑफ स्पेस सोडायचा? मोठा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला तेच आवडेल. धाकट्याला कंटाळा येईल हे खरं.

रामसेज
मग जेवणानंतर फुटा. एक मोठा माणूस अकरा वर्षांच्याला घेऊन जुन्या दालनांत, उरलेले चौघे निसर्ग उद्यानात. पण भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, "फोन करू" नको. अशा गर्दीत बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा.

निसर्ग उद्यान चारनंतरच. तिथे नामशेष प्राण्यांचे पुतळे आहेत (मॅमथ, टेरर बर्ड हा मोठा शिकारी पक्षी, तलवारदाती वाघासारखा प्राणी), बुद्धिबळाची बाग, चक्रव्यूह. पाच वर्षांच्याचा जीव तिथे रमेल, पुतळ्यांवर चढू द्यायचं नाही एवढंच. धुक्याच्या बागेत मोबाइल खिशात.

जलजीवी
रोबोंचं एक सांगायचं राहिलं. लहान मुलांना माणसासारखा दिसणारा रोबो कधी कधी घाबरवतो. आधी दुरून दाखवा, ओढून जवळ नेऊ नका. आणि ५-डी खेळ, हलणाऱ्या खुर्च्या यात मान, कंबर, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये. सासूबाई बाहेर बसल्या तर पाण्याची बाटली आणि एक फोन त्यांच्यापाशी असू दे.

डिंगरअळी
खाण्याचं कुणी बोललंच नाही! सासऱ्यांना मधुमेह आहे म्हणून लिहिते. गुजराती थाळीत डाळ, कढी, काही भाज्या, सगळ्यात गूळ किंवा साखर असते. गोड न खाता साखर वाढते ती अशी. "मोळी दाळ" मागितली तर बिनगुळाची मिळते कुठे कुठे, नाहीतर भाकरी, ताक यावर भागवा. सकाळचं खाणं हॉटेलातून पोटभर करूनच निघा. गोळी घेतली आणि तिकिटाच्या रांगेत तासभर गेला असं होऊ देऊ नका, खिशात खडीसाखर ठेवा.

दालनात खाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. तहानलाडू-भूकलाडू गाडीत ठेवले तर गाडीपर्यंत परत जाणं आलं, म्हणून पाठीवरच्या पिशवीत चिवडा, खाखरा, केळी, आणि दालनांच्या मधल्या बाकावर खाऊन घ्या. दुपारी एक ते दोन उपाहारगृहात झुंबड असते. साडेबाराला किंवा अडीचला जेवा.

तपोवनकर
गाडी चालवायची नसेल तर: पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून दादर, तिथून टॅक्सीने मुंबई सेंट्रल, दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत पकडली की रात्री साडेनऊच्या आसपास अहमदाबाद. मध्ये मोकळा वेळ भरपूर आहे, जेवण निवांत होतं. दादरचे जिने गुडघेवाल्यांना वाईट, म्हणून टॅक्सी. अहमदाबादला कालुपूर स्टेशनपासून मेट्रो थलतेजपर्यंत जाते, तिथून रिक्षा. सामान कमी असेल तर हे चांगलं जमतं.

खासगी शयनयान बसचा मोह पाच वर्षांच्या मुलासह टाळा. घाटात वरच्या बर्थवर पोर लोळतं आणि सकाळी सगळे न झोपलेले, त्याच दिवशी सायन्स सिटी म्हणजे शिक्षा.

गोदाकाठ
मूळ प्रश्न सुरतचाही होता. सुरतला दोन गोष्टी आहेत: पालमधलं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय (२०१४ पासून) आणि सिटीलाइट रस्त्यावरचं विज्ञान केंद्र, त्यात तारांगणही आहे. दोन्हींच्या मध्ये तापी. मत्स्यालय दोन तासांत निवांत होतं, विज्ञान केंद्राला अर्धा दिवस. नाशिकहून पाच-सहा तासांत सुरत. आदल्या संध्याकाळी पोचा, दिवसभर बघा, तिथेच झोपा, सकाळी परत. सोमवार तिथेही नको. रोबो नाहीत. धाकट्याला फरक पडणार नाही, थोरल्याला पडेल.

त्याहून जवळ हवं असेल तर पेठ रस्त्याने धरमपूर. सावळघाट, कोटंबी घाट उतरलं की सीमा, आणि धरमपूरला १९८४ पासून जिल्हा विज्ञान केंद्र आहे. छोटं आहे पण खेळून बघायची उपकरणं आणि बाहेर विज्ञान उद्यान. एका दिवसात जाऊन येता येतं. हेच प्रवासाचं नाटक मुलांना झेपतं का, हे आधी तिथे तपासा असं मी सुचवीन. अगदीच काही नाही तर आपलं त्र्यंबक रोडचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहेच, नाशिककर मुंबईला जाऊन तारांगण बघतात आणि घराजवळचं सोडतात.

गंगापूररोड
सगळ्यांचे आभार! ठरवलंय असं: जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे निघणार, बुधवार सायन्स सिटी, गुरुवारी वडोदऱ्यात थांबून शुक्रवारी घरी. सासूबाईंना चाकाची खुर्ची, दुपारी दोन तुकड्या. एक प्रश्न राहिला. थोरला आत्तापासून म्हणतोय की परत आल्यावर घरी "तसाच" मासा हवा. रेड टेल कॅटफिश म्हणतोय, कॉलेज रोडला दुकानात दोन इंचांचा दिसलाय त्याला.

जलजीवी
अजिबात नको. दोन इंचांचा दिसतो तो पुढे मीटरभराचा होतो आणि टाकीतले बाकी मासे गिळतो. मगरीसारख्या तोंडाच्या ॲलिगेटर गार माशाचीही तीच कथा. मग लोक गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडून येतात आणि तिथल्या देशी माशांचं वाटोळं होतं. सकर मासा असाच देशभरच्या नद्यांत पसरलाय.

हौस असेल तर ६० लिटरची टाकी, गाळणी, आणि मासे न सोडता तीन-चार आठवडे नुसती चालवा. त्यात चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. दुकानात अमोनिया-नायट्राइट तपासायचा संच मिळतो, दोन्ही शून्य आले की आधी पाच-सहा झेब्रा डॅनियो. तो आपल्याकडचाच मासा आहे, पाण्यातले थोडे चढउतार सोसतो. दर आठवड्याला पाव पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन जाण्यासाठी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवा, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नाहीतर कमावलेले जिवाणू मोरीत जातात.

गंगापूररोड
साठ लिटर म्हणजे पाण्याचंच साठ किलो, वर काच. ओट्याशेजारच्या लाकडी कपाटावर चालेल का?

जलजीवी
काच, रेती, दगड धरून ऐंशी-नव्वद किलो होतं. भुसा दाबलेल्या फळीचं कपाट असेल तर नाही, पाणी सांडून फुगतं आणि मधोमध वाकतं. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि काचेखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घाला. ओट्याजवळ तर नकोच, फोडणीचा धूर आणि तेल पाण्यावर तवंग धरतं. खिडकीसमोरही नको, शेवाळ येईल.